काटा चढेपर्यंत

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारी माणसं हटकून म्हणतात, "अरे, हा तर कुकर!" म्हणोत बापडी. माझं पोट तसंच गोल आहे, झाकण तसंच जड आहे, आणि तापलो की मीही फुसफुसतो. पण माझ्या पोटात आजवर भाताचं शीतही शिजलेलं नाही. मी दातांच्या दवाखान्यातलं वाफेचं भांडं आहे. दात काढायच्या पक्कडी, छोटे आरसे, टोकदार सळ्या माझ्यात ठेवायच्या, तळाशी पाणी ओतायचं, झाकण आवळायचं आणि मला तापवायचं. आत जी वाफ कोंडते तिच्यापुढे रोगाचे जंतू टिकत नाहीत. एकाच्या तोंडातला रोग दुसऱ्याच्या तोंडात जाऊ न देणं, एवढंच माझं काम. इंग्रजीत मला ऑटोक्लेव्ह म्हणतात. ते नाव दवाखान्यात कुणाच्या जिभेवर कधी बसलं नाही. तिथली सगळी मला कुकरच म्हणायची आणि मीही ओ देत आलो.

माझा स्वभाव उतावळा, हे आधीच सांगून ठेवतो. थंड बसवलं की माझा जीव घुसमटतो. पाणी भरा, पेटवा, काटा चढू द्या, मग मी सुखात असतो. वाफेच्या माणसाला रिकामपण सोसत नाही. मी माणूस नाही, हे ठाऊक आहे मला. पण इतकी वर्षं माणसांत काढल्यावर तेवढं बोललो तर चालेल.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात मला घडवलं. जाड पत्रा ठोकून गोल केला, झाकणात रबराची कडी बसवली आणि वर एक काचेचा डोळा लावला. त्या डोळ्यात काटा असतो. आतली वाफ किती चढली ते तो दाखवतो. मग गवतात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला लॉरीनं धारवाडला पाठवलं. तिथल्या मळमड्डी वस्तीत डॉक्टर विठ्ठलरावांचा दवाखाना होता. मास्तर, निवृत्त साहेब, कॉलेजची मुलं असे सगळे तिथे यायचे. विठ्ठलरावांनी पेटी स्वतः उघडली आणि माझ्या अंगावरचं गवत हातानं झाडलं.

त्यांचा एक नियम होता. काटा चढेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. बाहेर खुर्चीत कुणी कितीही कळवळो, विठ्ठलराव म्हणायचे, "थांबा जरा, कुकर व्हायला लागलाय." लोक रागवायचे. एकदा एक वकील साहेब तावातावानं उठून गेले आणि सुजलेला गाल घेऊन संध्याकाळी परत आले. विठ्ठलरावांनी माझ्याकडे पाहिलं फक्त. आयुधपूजेच्या दिवशी दवाखान्यातलं पहिलं कुंकू मला लागायचं, मग खुर्चीला. माझ्या आयुष्यातली ती मानाची वर्षं. तेव्हा ती संपतील असं वाटलंच नव्हतं.

वनिता त्याच काळात दवाखान्यात कामाला आली. अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, लग्न होऊन धारवाडात आलेली. पहिल्या दिवशी माझी वाफ सुटली तर ती "यव्वा!" म्हणून दारापर्यंत पळाली. विठ्ठलराव पोट धरून हसले. पुढं मात्र माझं सगळं तिच्याच हाती आलं. हत्यारं धुता धुता ती माझ्याशी बोलायची. घरचं, गावचं, नवऱ्याचं, भाव वाढल्याचं. मला जे जे कळलं ते तिच्या तोंडून.

विठ्ठलराव थकले. दवाखाना डॉक्टर सुमंतांना देऊन ते उणकलला लेकीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

सुमंत डॉक्टर वाईट दिसणारे नव्हते, मित्रांनो. वाईट माणूस ओळखू येता तर जगातलं निम्मं काम सोपं झालं असतं. हे तर हसतमुख, गोड बोलणारे, म्हाताऱ्यांना "बर्री अज्जा, या आजोबा" म्हणून हाताला धरून खुर्चीत बसवणारे. त्यांनी नवी खुर्ची आणली, भिंती रंगवल्या, दारात मोठी पाटी लावली. मला मागच्या खोलीत हलवलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण काम चालू होतं. मग त्यांनी खेड्यापाड्यांत मोफत कॅम्प घ्यायला सुरुवात केली आणि माझी घालमेल सुरू झाली.

कॅम्पच्या दिवशी सकाळी गाडी भरायची. खुर्ची जायची, बॅनर जायचा, पाण्याच्या बाटल्या जायच्या. मी मात्र फळीवर तसाच. पहिल्यांदा वाटलं, विसरले असतील. दुसऱ्यांदा वनितानं विचारलंही, "सर, कुकर घ्यायचा न्हवं?"

"तिथं करंट असतो का नसतो, कोण बघणार?" सुमंत म्हणाले. "स्पिरिटनं पुसलं की झालं की."

अहो, मी शेगडीवरही चालतो! विठ्ठलरावांच्या काळी वीज गेली की मला शेगडीवरच चढवायचे आणि हे सुमंतांना चांगलं ठाऊक होतं. खरी गोष्ट वेगळी होती. माझा काटा चढायला वेळ लागतो. शाळेच्या व्हरांड्याभर माणसं बसलेली, हातात मोजक्याच पक्कडी, फोटो काढणारा उभा, सरपंचांकडे जेवण थांबलेलं. प्रत्येक माणसामागं माझ्यासाठी थांबत बसलं तर दिवसभरात किती दात निघणार? दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा किती छापून येणार? म्हणून एकाच्या तोंडातून निघालेली पक्कड बोळ्यानं पुसून पुढच्याच्या तोंडात जाऊ लागली. पुसायला वनिता. संध्याकाळी ती पक्कडी माझ्यासमोर धुवायची आणि त्या दिवसांत ती माझ्याशी बोलायची नाही. एकदाच पुटपुटली, "सरांना कळतंय की आपल्यापेक्षा." माझ्या पोटात पाणी नव्हतं, नाहीतर मी त्याच क्षणी फुसफुसलो असतो.

मग एक कॅम्प वनिताच्या माहेरच्या गावात ठरला. सुमंतांनीच सुचवलं, तिला भारी वाटलं. आपल्या गावाला शहरातला डॉक्टर येणार म्हणून ती आठवडाभर नुसती उडत होती. तिची आई तानूबाई तिच्यापेक्षा वरचढ निघाली. तिनं काय करावं? कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन ती दारोदार फिरली. लग्नाला बोलावतात तसं घरटी एकेकाच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाली, "शाळेत यायचं हं, माझ्या लेकीचा डॉक्टर येणार हाय." आता, अक्षता दिलेलं बोलावणं त्या गावात कुणी मोडत नाही. ते मोडणं म्हणजे घराशी वैर. ज्यांचे दात दुखत होते ते आलेच, आणि ज्यांचं काही दुखत नव्हतं तेही नवी धोतरं नेसून, तानूबाईचा मान राखायला तोंड उघडून बसले. आलोच आहोत तर म्हणून कुणी दात साफ करून घेतले, कुणी हलणारी दाढ काढून घेतली. डॉक्टरांना फेटा बांधला, नारळ दिला. त्या दिवशीही मी फळीवरच होतो.

काही महिने गेले. एका सकाळी वनितानं येताच बातमी सांगितली. गावातले नागोजीमामा हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात होते. डोळे पिवळे, अन्न जात नव्हतं. रक्तातून पसरणारी कावीळ. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे कुठं सुई, टाके, दात काढणं? नागोजीमामा म्हणाले, दाढ काढली की, तानूबाईच्या कार्यात.

चौकशी होणार असा निरोप आला. त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून सुमंत मागच्या खोलीत आले. दार लोटलं, माझं झाकण उघडलं आणि हातातल्या ब्लेडनं झाकणातली रबराची कडी दोन ठिकाणी चिरली.

मित्रांनो, कडी चिरली की वाफ कोंडत नाही. वाफ कोंडली नाही की मी नुसता डबा. इतकी वर्षं ज्या हातांखाली काम केलं त्यातल्याच एका हातानं मला निकामी केलं आणि मला ओरडताही आलं नाही. वनिता पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. तिनं पाहिलं. त्यांनीही तिला पाहिलं आणि ते चक्क हसले.

"इकडं ये. घाबरू नको," ते म्हणाले. "उद्या त्या मॅडम येतील. कुकर बिघडला होता, आपल्या लक्षात आलं नाही, एवढंच सांगायचं. तुमच्या गावच्या कॅम्पपुरती गोष्ट. संपला विषय."

"पण सर, बाकीच्या गावांत पण आपण..."

"बाकीच्या गावांचं कोण विचारायलंय? कशाला लोकांच्या जिवाला घोर लावायचा?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बघ, पक्कड पुसत होतं कोण? तूच की. मी तुला सांभाळून घ्यायलोय. यंत्राची काय नोकरी जाणार आहे, की अब्रू जाणार आहे?"

ते गेले. वनिता कळशी खाली ठेवायलाही विसरली. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला कधी नव्हे तो राग आला तो तिचाच. बोल की बाई! खापर माझ्या डोक्यावर फुटतंय म्हणून नाही. मी भंगारात गेलो तर गेलो. पण तुमच्या गावापुरती गोष्ट म्हणून हे मिटवलं तर बाकीच्या गावांतली माणसं आपलं रक्त कधी तपासणार? अंगात रोग घेऊन ती सुखानं जेवत असतील, एकाच वस्तऱ्यानं दाढ्या करत असतील. त्यांना कुणी सांगायचं? माझ्याकडे तोंड नाही. तिच्याकडे आहे, आणि ती मूग गिळून उभी.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातल्या वेदश्री मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सुमंतांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला पुढं आणून ठेवलं. चिरलेली कडी दाखवून ते इतक्या हळहळीनं बोलले की क्षणभर मलाच वाटलं, मी बिघडलोच होतो की काय.

मॅडमनी कडीवरून बोट फिरवलं आणि वनिताकडे वळून कानडीत विचारलं, "एनाय्तु? भिऊ नका, काय झालं ते सांगा."

वनितानं कानडीतच सुरुवात केली. कुकर जुना आहे, विठ्ठलरावांच्या वेळचा आहे. सुमंत मान डोलवत होते. मग ती थांबली. पदराचं टोक तिनं बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. आणि पुढचं तिच्या तोंडून मराठीत आलं.

"मॅडम, हा बिघडायला कॅम्पला आला होता कुठं? आमच्याच गावाला न्हाई, कुठल्याच गावाला तो कधी गेला न्हाई. स्पिरिटनं पुसायचो. मीच पुसायची. कडी काल दुपारी सरांनी कापली. आणि माझ्या आईनं अक्षता देऊन माणसं बोलावली होती, मॅडम. अक्षता देऊन."

चहा तसाच राहिला. सुमंत एकदम कानडीत मोठ्यानं बोलू लागले. मॅडमनी फक्त हात वर केला.

मला वाटलं होतं, खरं बोललं की सगळं निवळतं. तुम्हालाही शाळेत तसंच शिकवत असतील. तसं होत नाही, मित्रांनो. दवाखान्याला सील लागलं. मला चिठ्ठी चिकटवून आरोग्य खात्याच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांमध्ये ठेवलं. कोरडा, थंड, झाकण उघडं. तिथं मी किती तळमळलो ते माझं मला ठाऊक. सुमंतांच्या वकिलानं सगळा दोष वनिताच्या हातांवर ढकलला. मळमड्डीतले लोक म्हणत, सुमंत डॉक्टर किती प्रेमळ, त्या बाईनंच घात केला. दुसऱ्या दवाखान्यांत ती काम मागायला गेली तर तिला दारातूनच परत लावून देत. मालकाविरुद्ध बोलणारी बाई कुणाला हवी असते?

मॅडमनी मात्र काम थांबवलं नाही. जिथं जिथं कॅम्प झाले होते तिथं रक्त तपासायला माणसं पाठवली. बाकीच्या गावांतून लोक आले. कुणी रडत, कुणी शिव्या देत, पण आले. काहींना रोग निघाला आणि त्यांची औषधं सुरू झाली, बाकीच्यांना लस टोचली. फक्त एका गावातून कुणीच आलं नाही. वनिताच्या. त्या गावाचा राग वेगळाच होता. अक्षता देणाऱ्यानं पाहुण्याला जपायचं असतं, आणि या मायलेकींनी पाहुण्यांच्या तोंडात रोग घातला. तानूबाईशी पाणवठ्यावर कुणी बोलेना. पुन्हा शाळेत जायचं? पुन्हा यांच्या बोलावण्यावरून? कुणी तयार होईना.

तेव्हा वनिता कोठीत आली. मॅडमना म्हणाली, "नुसतं रक्त काढायला कुणी येणार न्हाईत. अर्धवट राहिलेली दुखणी आहेत, दाताची डॉक्टर पण द्या. आणि ह्याला न्यायचं." जुन्या हुबळीतल्या गल्लीतून ती नवी कडी घेऊन आली होती. चिरलेली कडी मॅडमनी पुराव्यासाठी ठेवून घेतली, नवी वनितानं स्वतः बसवली, झाकण आवळून बघितलं. नव्या रबराच्या वासानं माझ्या अंगात जीव आला.

असा मी पहिल्यांदा कॅम्पला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं मला शेगडीवर चढवलं. टेबलावर रक्त काढायच्या नव्या सुया मांडल्या. एका बाजूला सरकारी दवाखान्यातली तरुण डॉक्टर बसली. काटा चढला, मी जोरात वाफ सोडली. कुणी नाही. फाटकाबाहेर माणसं उभी होती, आत पाऊल टाकत नव्हती. मंजुनाथ म्हणून एक जण होता, नागोजीमामांचा पुतण्या. तो तिथूनच ओरडला, "काय वनिताअक्का, आज अक्षता न्हाईत वाटतं?"

कुणी हसलं नाही. वनितानं मान खाली घालून सुया पुन्हा नीट मांडल्या. मी आपला उकळतोय, उकळतोय, कुणासाठी तेच कळेना. तळाचं पाणी आटत चाललं आणि माझा धीरही.

तेवढ्यात तानूबाई आली. हातात काही नव्हतं. फाटकातल्या माणसांमधून ती सरळ आत आली आणि टेबलापुढच्या बाकावर बसून तिनं चोळीची बाही वर केली.

"आई, तू थांब, तुझं मागनं..." वनिता म्हणाली.

"मागल्या खेपेला शेवटाला बसले हुते," तानूबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण फाटकापर्यंत ऐकू गेला. "घरची बाई पंगतीत शेवटाला बसती. सगळ्या पावण्यांचं झाल्यावर मी दाढ काढली. आज पयली बसते. काढा रक्त."

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी सगळ्या गावाच्या तोंडातून फिरलेली पक्कड शेवटी हिच्या तोंडात गेली होती. मग मंजुनाथनं चप्पल काढली, आत आला आणि तानूबाईच्या मागं उभा राहिला. त्याच्या मागं एक बाई आली, मग तिचा नवरा, मग रांग लागली. त्या दिवशी मला पुन्हा पुन्हा पेटवावं लागलं. दर माणसामागं डॉक्टर थांबली, लोकही थांबले, काट्याकडे बघत. कुणीही घाई केली नाही.

तपासणीचे निकाल आले तेव्हा मी वनिताच्या घरी होतो. कोठीतून मला सोडलं होतं, आणि जुन्या हुबळीतल्या एका लहान दवाखान्यात तिला काम मिळेपर्यंत मी तिच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून होतो. सुमंतांचा खटला अजून चालूच आहे. ते अजूनही हसतमुख आहेत म्हणतात. नागोजीमामा हिंडूफिरू लागले. गावात रोग निघाला तो आणखी थोड्यांना, आणि त्यांत तानूबाई होती.

वनितानं तो कागद आईला वाचून दाखवला आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडली. तानूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "बरं झालं गं शेवटाला बसले ते. माझ्यामागं कोण न्हवतं."

मित्रांनो, मला पुसून, चकचकीत करून फळीवर मांडून ठेवाल तर तो माझा सांभाळ नव्हे. मला पेटवा. माझ्या कडीची काळजी घ्या, पाणी भरा आणि काटा चढेपर्यंत दम धरा. तुमच्या तोंडाजवळ कुणी हत्यार आणलं तर विचारा, हे वाफेतून काढलंय का? समोरचा कितीही मोठा असो, कितीही गोड हसो, विचारा. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही कुणाच्या हाताखाली काम कराल, आणि तो म्हणेल की पुसलं तरी चालतंय, तेव्हाही विचारा. त्याच वेळी विचारा. तानूबाईच्या मागं कुणी नव्हतं. तुमच्या मागं कुणीतरी असेल.